काचेच्या टाकीतले न दिसणारे सोबती

शाळेत मत्स्यालय ठेवण्याची हौस ज्यांनी केली आहे, त्यांना एक अनुभव बहुधा आला असेल. नवीकोरी टाकी असते, खडी चार पाण्यांनी धुतलेली असते, पाणी आरशासारखे स्वच्छ असते. आणि तरीही पहिल्या दोन आठवड्यांत एकेक मासा मलूल होऊन मरतो. याउलट एखाद्या शेजाऱ्याकडची जुनी टाकी, काचेवर हिरवट थर आणि खडीत गाळ असलेली, वर्षानुवर्षे सुरळीत चालू असते. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने सुट्टीत ती टाकी रिकामी करून, खडी गरम पाण्याने धुऊन पुन्हा मांडली, की तीही बिघडते. स्वच्छतेने प्राणी मरावेत आणि जुनाट गाळात जगावेत, हे कसे?

हे कोडे उलगडायला माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याचा शेवटचा भाग अजून उलगडतोच आहे. या लेखात आम्ही ती कथा समुद्रातील अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या, म्हणजे प्रवाळ, स्पंज, माकूल यांच्या अनुषंगाने सांगणार आहोत. माशांपेक्षा हे प्राणी टाकीत ठेवायला अवघड. म्हणूनच त्यांनी माणसाला अधिक शिकवले.

वेस्टमिन्स्टरमधील प्रवाळ

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एक बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेल्या होत्या. तेथील खडकांत त्यांना एकेकटे वाढणारे लहान प्रवाळ सापडले. हे प्राणी लंडनला नेऊन जिवंत ठेवावेत असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या प्रसिद्ध चर्चमध्ये अधिकारी होते, आणि घर तेथेच. समुद्र दूर, आणि समुद्राचे पाणी वारंवार आणणे कठीण. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपुढे उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचे. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले, आणि ते मुख्यतः घरातील मोलकरीण करी. पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, त्यांनी दगडांवर वाढलेले समुद्री शैवाल आणून त्या भांड्यात ठेवले. त्यांचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले, इतकेच नव्हे तर त्यांची संख्याही वाढली. हा वृत्तांत १८५९ साली एका निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्ये असाच प्रयत्न गोड्या पाण्यात करीत होते. एका टाकीत त्यांनी सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. काही दिवस सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी टाकीत गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि चिकट थर फस्त केला आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. प्राणी प्राणवायू घेतात व कार्बन डायऑक्साईड सोडतात. वनस्पती प्रकाशात याच्या उलट करतात. दोघांचे प्रमाण जुळले की टाकीचा तोल साधतो, असा त्यांचा सिद्धान्त. आजही आपल्या पाठ्यपुस्तकांत मत्स्यालयाचे चित्र देऊन हाच धडा शिकवला जातो.

धडा चुकीचा नाही. पण तो अपुरा होता.

हौस, आणि तिची किंमत

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तेथील बरेचसे समुद्री प्राणी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकांनी गोळा करून दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडमध्ये घरोघर काचेच्या टाक्या दिसू लागल्या. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी मीठ आणि इतर क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजलही तयार केले. त्यांच्या कृतीतील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. असे पाणी तयार केल्यावर त्यांनी आधी त्यात शैवालासह दगड ठेवले, आणि सुमारे आठवडाभर थांबून मगच प्राणी सोडले. शैवालाने पाणी जगण्यालायक केले, असा त्यांचा समज. दगडांबरोबर आणखी कोण पाण्यात उतरले असेल, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

हौशी मंडळींपैकी बहुतेकांच्या टाक्या मात्र थोड्याच दिवसांत नासल्या. पाण्याला दुर्गंध येई, समुद्रफुले आक्रसून जात, मग नवे प्राणी आणायला पुन्हा किनारा गाठायचा. १८६०च्या दशकात ही लाट ओसरली, पण तोवर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडली गेली होती. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली वडिलांविषयीच्या आठवणींच्या पुस्तकात या विध्वंसाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. बालपणी जी डबकी समुद्रफुलांनी आणि शैवालांनी फुललेली त्यांनी पाहिली होती, ती रिकामी झाली होती. आणि त्या हौसेला चालना देणाऱ्यांत आपले वडीलच होते, याची जाणीव त्यांना होती.

विल्यम अल्फोर्ड लॉइड या गृहस्थाने मात्र चिकाटी सोडली नाही. मत्स्यालयाचे सामान विकणारा हा दुकानदार पुढे मोठ्या मत्स्यालयांचा रचनाकार झाला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालय १८७१ साली उघडले, ते त्याचे काम. नेपल्स येथे आंतोन डोर्न यांनी उभारलेल्या प्राणिशास्त्र केंद्राचे मत्स्यालय १८७४ साली खुले झाले, त्यालाही लॉइडचा सल्ला होता. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्याहून कितीतरी मोठा पाण्याचा हौद बांधायचा आणि वरचे पाणी सतत खाली व खालचे वर फिरवत ठेवायचे, अशी त्याची पद्धत. पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. यामुळे नाजूक प्राणीदेखील जगू लागले. याचे श्रेय पाण्यात मिसळणाऱ्या हवेला दिले गेले. पण अंधाऱ्या हौदात शैवाल वाढत नाही. मग तेथे पाणी शुद्ध होत होते ते कोणामुळे?

वडील आणि मुलगा

उत्तर मत्स्यालयातून आले नाही, सांडपाण्यातून आणि शेतातून आले.

१८७७ साली श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून तीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस वरून घातलेला अमोनिया खालून तसाच बाहेर आला. मग एकाएकी अमोनिया कमी होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. ही क्रिया केवळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून थोडा मातीचा अर्क घातला, तेव्हा काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ, वाळूत कोणीतरी सजीव काम करीत होते.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत हा धागा ज्यांनी पुढे नेला, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. टाकीचा तोल सांगणाऱ्या वॉरिंग्टन यांचेच हे ज्येष्ठ चिरंजीव! अमोनियाचे नायट्रेट होते ते दोन टप्प्यांत, आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट, आणि हे दोन टप्पे दोन वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे त्यांनी दाखवले. ते जीवाणू वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. हे जीवाणू नेहमीच्या पौष्टिक माध्यमावर वाढतच नाहीत. विनोग्राड्स्की यांनी सेंद्रिय अन्न अजिबात नसलेले माध्यम वापरून १८९० साली झुरिच येथे ते वेगळे केले.

वडिलांनी टाकी दिली, मुलाने जीवाणू दिले. पण दोन्ही शोध एकमेकांना भेटले नाहीत. समुद्रातील बहुतेक अपृष्ठवंशीय प्राणी शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतात. समुद्रात तो क्षणात पांगतो. टाकीत साठतो आणि विष ठरतो. त्याचा निचरा वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून राहिलेले जीवाणू करतात. लॉइडच्या अंधाऱ्या हौदाच्या भिंती म्हणजे नकळत उभारलेली जैविक गाळणीच होती. ही गोष्ट मत्स्यालय चालवणाऱ्यांच्या व्यवहारात नीट उतरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९७०मध्ये स्टीफन स्पॉट यांचे बंदिस्त पाण्यात मासे व अपृष्ठवंशीय प्राणी पाळण्यावरचे पुस्तक आले, तेव्हा जीवाणूंची गाळणी हा त्यातील गाभ्याचा विषय होता.

आता आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर मिळाले. नव्या टाकीत हे कामकरी जीवाणू पुरेसे नसतात. त्यांची वस्ती व्हायला काही आठवडे जावे लागतात. आणि गरम पाण्याने खडी धुणे म्हणजे अख्खी वसाहत मारून टाकणे.

या कथेला अलीकडे एक सुंदर पुरवणी जोडली गेली. २००५ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीतील खडीतून असा सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला, जो अमोनियावर जगतो पण जीवाणू नाही. तो 'आर्किया' या वेगळ्याच गटातला होता. त्याचे नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. या गटातील जीव महासागरात प्रचंड संख्येने आहेत हे नंतर स्पष्ट झाले, आणि समुद्रातील नायट्रोजन-चक्राची आपली कल्पनाच बदलली. समुद्राचे एक मोठे रहस्य मत्स्यालयाच्या खडीत सापडले, ते असे.

पाण्यातले कळले, अंगातले?

येथवरची गोष्ट पाण्यातील आणि खडीतील सूक्ष्मजीवांची झाली. पण प्राण्याच्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काय? समुद्रातून उचलून टाकीत आणल्यावर त्यांचे काय होते?

हा प्रश्न विचारण्याचे साधनच पूर्वी नव्हते, कारण समुद्रातील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढत नाहीत. नमुन्यातील डीएनए थेट वाचून त्यात कोण कोण आहे हे ओळखण्याच्या पद्धती १९८०च्या दशकानंतर रुळल्या, तेव्हा हे दार उघडले. प्रत्येक प्राण्याबरोबर राहणाऱ्या या समुदायाला आज 'मायक्रोबायोम' म्हणतात. आपण सूक्ष्मजीवसमूह म्हणू.

एक उदाहरण हवाई बेटांजवळच्या अंगठ्याएवढ्या माकुलाचे. याच्या पोटाकडील बाजूस प्रकाश देणारा अवयव असतो, आणि तो प्रकाश व्हिब्रिओ फिशेरी या जीवाणूंचा असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्यात हे जीवाणू नसतात. ते भोवतालच्या पाण्यातून मिळवावे लागतात. मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि एडवर्ड रूबी यांनी १९९१ साली दाखवले की हे जीवाणू नसलेल्या पाण्यात वाढवल्यास पिल्लाचा तो अवयव नेहमीसारखा घडतच नाही. मोठी माकुले रोज पहाटे आपल्या अंगातील बहुतेक जीवाणू पाण्यात सोडून देतात, आणि त्यामुळे आसपासच्या पिल्लांना ते मिळतात. म्हणजे गाळून निर्जंतुक केलेले पाणी, जे आपल्याला सर्वांत सुरक्षित वाटेल, त्यात हे पिल्लू अपुरेच राहील.

प्रवाळांचे असेच. तांबड्या समुद्रात एलातजवळ राहणाऱ्या फंजिया जातीच्या छत्रीसारख्या प्रवाळाच्या अंगावरील श्लेष्मात कोणते जीवाणू आहेत, हे समुद्रात आणि मत्स्यालयात तुलना करून तपासले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हीकडचे समुदाय वेगळे आढळले. फ्लोरिडातील मायकेल लॅक्सिसिमा हा स्पंज टाक्यांत एक ते दोन वर्षे जिवंत ठेवण्यात आला. स्पंज जगला, पण त्याच्यातील जीवाणूंचा समुदाय समुद्रातील भाऊबंदांपेक्षा बदलला होता; हा अभ्यास २००८चा.

असे का व्हावे, याचा विचार करणे अवघड नाही. समुद्राच्या प्रत्येक घोटाबरोबर शेकडो प्रकारचे सूक्ष्मजीव येतात; बंदिस्त टाकीत तेच ते मोजके फिरत राहतात. गाळण्या आणि अतिनील किरणांचे दिवे त्यांनाही कमी करतात. अन्न बदलते: समुद्रातील नानाविध प्लवकांऐवजी टाकीत एक-दोन प्रकारचे खाद्य मिळते, आणि अन्न बदलले की त्यावर जगणारे जीवाणूही बदलतात. शेजारी बदलतात, हिंदी महासागरातील आणि कॅरिबियनमधील प्राणी एकाच पाण्यात नांदू लागतात. आणि नव्या प्राण्याला रोग असेल या भीतीने प्रतिजैविके दिली, तर उपयोगी आणि उपद्रवी असा भेद ती करीत नाहीत.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. सगळेच सोबती टाकीत साथ सोडतात असे नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील एका स्पंजात राहणारा सेनआर्कियम सिम्बिओसम हा आर्किया १९९६ साली वर्णन केला गेला, तो टाकीत ठेवलेल्या स्पंजांतही नांदत होता. शिवाय समुदाय बदलला म्हणजे प्राणी आजारी पडला असेही नव्हे. कोणता बदल निरुपद्रवी आणि कोणता घातक, हाच तर अवघड प्रश्न आहे.

टाकीतले सत्य आणि समुद्रातले सत्य

या प्रश्नावर किती अवलंबून आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर ऑक्युलिना पॅटॅगोनिका नावाचा प्रवाळ उन्हाळ्यात पांढरा पडतो, म्हणजे त्याच्या पेशींतील एकपेशीय शैवाल नष्ट होते. १९९६ साली तेल अवीवच्या संशोधकांनी टाकीत प्रयोग करून दाखवले की उबदार पाण्यात एक विशिष्ट व्हिब्रिओ जीवाणू या प्रवाळाला पांढरे पाडतो. प्रयोग नेटका होता आणि बराच गाजला. पण काही वर्षांतच त्याच जीवाणूने प्रवाळाला लागण होईनाशी झाली. २००८ साली दुसऱ्या गटाने किनाऱ्यावरील प्रवाळ तपासले, तेव्हा समुद्रात पांढरे पडण्याचे मूळ कारण जीवाणू असल्याचे त्यांना दिसले नाही. पहिल्या गटाचे म्हणणे असे की प्रवाळाने आपल्या सोबत्यांचा समुदाय बदलून प्रतिकार मिळवला असावा. दुसरा गट म्हणतो, समुद्रातील ऊन आणि उष्णता पुरेशी आहे. वाद कसाही सुटो. टाकीत जे खरे ते समुद्रात खरे असेलच असे गृहीत धरता येत नाही, हा धडा सर्वांनी घेतला. टाकीतला प्रवाळ हा त्याच जातीचा असला, तरी त्याचे सोबती वेगळे असू शकतात.

हा केवळ शास्त्रज्ञांच्या वादाचा विषय राहिलेला नाही. २०१४ साली मायामीजवळ प्रवाळांचे ऊतक झपाट्याने झडून जाणारा रोग दिसला आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याने पसरत गेला. रोग पोचण्याआधी निरोगी प्रवाळ उचलून ते अमेरिकेतील निरनिराळ्या मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्याचे काम २०१८ पासून सुरू झाले. दरम्यान लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात बंदिस्त टाकीत चंद्रकला आणि ऋतुमान यांची नक्कल करून प्रवाळांचे प्रजनन घडवण्यात यश आले. हे संग्रहालय लॉइडचे मत्स्यालय जेथे होते त्या क्रिस्टल पॅलेसपासून फार दूर नाही. अ‍ॅना थिन यांच्या भांड्यापासून येथवरचा प्रवास जवळपास पावणेदोनशे वर्षांचा.

हे प्रवाळ आणि त्यांची पिल्ले एक दिवस समुद्रात परत जायची आहेत. तेव्हा त्यांच्याबरोबर कोण जाईल? टाकीत मिळालेले सोबती समुद्रात कामाचे ठरतील की अडचणीचे? हरवलेले सोबती पुन्हा भेटतील का? आज प्रवाळ वाचवणाऱ्यांपुढचा हा खरा प्रश्न आहे. ज्या हौसेने एके काळी इंग्लंडचे किनारे ओसाड केले, त्याच हौसेतून जन्मलेली विद्या आज प्रवाळ वाचवण्यासाठी वापरली जात आहे. ती पुरी पडेल की नाही, हे मुख्यतः या न दिसणाऱ्या सोबत्यांवर ठरेल.

वर्गात काय करता येईल?

श्लोझिंग आणि म्युंत्झ यांचा प्रयोग आपण एकही प्राणी न वापरता करू शकतो. दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. दोन्हीत दोन दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी भरावे. जुन्या, चालू असलेल्या टाकीतील दोन मुठी खडी घ्यावी. एक मूठ तशीच एका बरणीत घालावी, दुसरी वीस मिनिटे उकळून, गार करून दुसऱ्या बरणीत घालावी. दोन्हीत माशांच्या खाद्याची सारखी चिमूट टाकावी. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासण्याचा संच मिळतो. त्याने दर तीन दिवसांनी दोन्ही बरण्यांतील पाणी तपासून तक्ता करावा. कोणत्या बरणीत अमोनिया साठतो आणि कोणत्या बरणीत तो लवकर उतरतो, हे मुलांनी स्वतः पाहावे, आणि उकळण्याने खडीतले काय गेले याचा तर्क त्यांनीच करावा. उत्तर आपण सांगण्याची घाई करू नये.

आणि सहल कोकणात गेली, मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला डबक्यातले समुद्रफूल दिसले, तर ते तेथेच पाहावे. प्रवाळ उचलणे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. पण कायद्यापलीकडचे कारणही आता आपल्याला ठाऊक आहे. बाटलीत घालून आपण आणू तो प्राणी एकटा असतो. त्याचा उरलेला संसार मागे डबक्यातच राहतो.